ओसरलेलं शहर पुन्हा पूर्वीइतकं भरतं का? (डेट्रॉइट, व्हिएन्ना आणि आपली वऱ्हाडातली गावं)

वर्धाकाठ

आर्वी-पुलगाव पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, म्हणून धागा काढतो आहे. एखाद्या शहरात एके काळी सर्वांत जास्त माणसं होती, नंतर ती कमी होत गेली. तो जुना आकडा ते शहर पुन्हा गाठू शकतं का? गाठलाच तर कशाच्या जोरावर?

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९५० च्या जनगणनेत तिथे साडेअठरा लाख माणसं होती, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार उरली. तिथलंच सेंट लुईस ८ लाख ५७ हजारांवरून ३ लाखांवर आलं. क्लीव्हलंड नऊ लाखांच्या वर होतं, ते पावणेचार लाखांवर आलं. तिन्ही शहरांची सर्वोच्च नोंद १९५० चीच, आणि सत्तर वर्षांत एकही तिच्या जवळपास फिरकलेलं नाही.

पण याच्या उलटही घडलं आहे. लंडनमध्ये १९३९ साली ८६ लाख लोक होते. १९८० च्या दशकात ते ६८ लाखांच्या आसपास आले आणि २०१५ च्या सुमारास पुन्हा ८६ लाख झाले. न्यूयॉर्कने १९७० ते १९८० या एका दशकात आठ लाखांवर माणसं गमावली, २००० साली ते ८० लाखांच्या पुढे होतं. व्हिएन्नामध्ये १९१० साली २० लाख ८० हजार लोक होते. साम्राज्य गेलं, दोन युद्धं झाली, १९८० च्या दशकात आकडा १५ लाखांवर आला. २०२३ मध्ये त्या शहराने पुन्हा वीस लाखांचा टप्पा ओलांडला, पण १९१० चा आकडा त्यानंतरही थोडा पुढेच राहिला.

ही सगळी उदाहरणं वाचून माझं एक मत झालं आहे. ज्या कारणाने शहर भरलं होतं ते कारण परत येत नाही. दुसरं कारण मिळालं तरच माणसं येतात, आणि ती बहुतेक वेगळीच माणसं असतात. आपल्याकडे हे पटायला फार जड जातं, कारण आपल्या तालुक्यांतल्या मागण्या पाहिल्या तर मिल सुरू करा, शकुंतला ही छोटी रेल्वे सुरू करा, कापसाचा बाजार पूर्वीसारखा भरवा, याच असतात. मीही त्या निवेदनांवर सह्या केल्या आहेत, पुढेही करीन. तरी विचारतो, तुमच्या गावाचा अनुभव काय?

सातपुडा_पायथा

चांगला विषय. अचलपूरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं शहर तेराव्या शतकातच दख्खनच्या नामांकित शहरांत गणलं जायचं. इमादशाहीत, म्हणजे १४९० पासून १५७४ पर्यंत, वऱ्हाडची राजधानी इथे होती. मोगल आले आणि सुभ्याचं ठाणं बाळापूरला गेलं. पुढे इंग्रजांनी छावणी परतवाड्याला केली आणि सरकारी कचेऱ्या तिकडे गेल्या. एलिचपूर, म्हणजे अचलपूरच, हा स्वतंत्र जिल्हा होता, तोही १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला. प्रत्येक वेळी एखादं कार्यालय, एखादी पलटण, एखादा बाजार बाहेर जात राहिला. १९०१ च्या जनगणनेत इथे फक्त २६,०८२ माणसं होती.

आता २०११ ची जनगणना पाहा. अचलपूर नगरपालिकेची लोकसंख्या एक लाख बारा हजारांच्या आसपास. शतकभरात चौपटीहून जास्त. मग आमचं शहर ओसरलं असं म्हणायचं की नाही? आकडा वाढला, पण शहराचं वजन कमी झालं. हौज कटोरा या जुन्या वास्तूच्या बाजूने गेलं की आजही कळतं की कधी काळी केवढ्या पसाऱ्याचं हे ठिकाण होतं.

म्हणून मला वाटतं की अमेरिकेचं माप इथे जसंच्या तसं लावू नये. आपल्याकडे गेली शंभर वर्षं जन्मच इतके होते की पडत्या काळातल्या गावाचीसुद्धा लोकसंख्या वाढतच गेली. माणसं निघून जायची आणि तरीही शिरगणतीत वाढ दिसायची. त्यामुळे आपली पडझड कागदावर कधी उमटलीच नाही. शकुंतलेची अचलपूर-मूर्तिजापूर गाडी बंद पडल्याने किती माणसं कमी झाली, हे जनगणनेतून कोणालाच काढता येणार नाही.

पऱ्हाटीवाला

सातपुडा भाऊ, खरं बोलले. मी कारंजा तालुक्यातला. आमच्या गावातले पोट्टे पुन्याले गेले, नागपूरले गेले, थोडे सुरतेले गेले. घरं तशीच हायेत. कुलूप लागून हाय, पावसाळ्यात भिंत खचते, मंग भाऊबंद त्यातला सागवान काढून नेतात.

माह्या मते लोकसंख्येचा आकडा हा शेवटचा प्रश्न हाय. पयला प्रश्न असा का शेती करनाऱ्या पोट्ट्याले पोरगी कोनी देऊन राह्यलं नाई. बारा एकर ओलित असून सोयरीक जुळत नाई. पोरीच्या बापाले जावई नोकरीवालाच पायजे, मंग पगार पंधरा हजार का असेना. घरात सून नाई तर लेकरू कुठून येईन, अन् लेकरू नाई तर शाळा कशी चालन? तुमचं व्हिएन्ना तिकडे राहू द्या. आमच्या गावात दुसरं कारण कोनतं येनार, हे सांगा.

निवृत्त_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि जनगणनेचं काम प्रगणक म्हणून केलेलं आहे. त्यामुळे दोन-तीन गोष्टी जबाबदारीने सांगू शकतो.

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १२,३६,७३६ होती, २०११ मध्ये १३,००,७७४ झाली. दहा वर्षांत जेमतेम सव्वापाच टक्के वाढ. त्याच काळात महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. भंडारा जिल्ह्याचंही तेच, साडेपाच टक्क्यांच्या थोडं वर. वर्ध्याच्या ग्रामीण भागात तर माणसं कमीच झाली. अर्थात मोठ्या शहरांना लागून असलेली काही गावं शहरी म्हणून मोजली गेली, तोही त्यातला एक भाग आहे.

सातपुडा यांचा मुद्दा शंभर वर्षांसाठी बरोबर आहे, पण आता तो संपत आला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ आला. पिढीला पिढी भरून निघायला साधारण २.१ लागतो. म्हणजे जाणाऱ्यांची जागा जन्मांनी भरून निघायची, ती सोय उरली नाही. डेट्रॉइटसारखी उतरण आपल्याला कागदावर यापुढे दिसू लागेल. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. त्या आकड्यांत विदर्भातल्या पुष्कळ गावांना धक्का बसेल असं मला वाटतं.

इथे वऱ्हाडचाच एक जुना दाखला देतो. १८९१ ते १९०१ या दशकात दोन दुष्काळ झाले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटून साडेसत्तावीस लाखांवर आली. पण १९११ च्या जनगणनेत ती तीस लाखांच्या पुढे होती. एका दशकात सगळं भरून निघालं आणि वर वाढलं! कारण जमीन तीच होती, कापसाला भाव होता, आणि जगलेली माणसं तरुण होती. मरणाने आलेली घट इतकी भयंकर असूनही लवकर भरली. माणसं निघून गेल्याने आलेली घट तशी भरत नाही, कारण तरुणच जातात आणि मागे आमच्यासारखे राहतात. वर्धाकाठ यांनी दिलेल्या उदाहरणांतही हा फरक करायला हवा.

आणखी एक. घर तेवढंच असलं तरी घरातली माणसं कमी झाली आहेत. अमेरिकेत १९५० साली एका घरात सरासरी ३.४ माणसं होती, २०२० मध्ये अडीच. उद्या डेट्रॉइटची त्या वेळची सगळी घरं जशीच्या तशी उभी राहिली आणि सगळी भरली, तरी जुन्या आकड्याच्या पाऊण हिश्श्याच्या आसपासच माणसं मावतील. आपल्या वाड्यांत पूर्वी वीस-वीस पानं वाढली जायची. आज त्याच वाड्यात दोन म्हातारी माणसं असतात, आणि कर उतारा मात्र एकाच घराचा निघतो.

कारंजाची_लेक

मी मूळ कारंजा लाडची, सध्या नोकरीसाठी जर्मनीत लाइपझिगला असते. पऱ्हाटीवाला दादा, तुम्ही माझ्याच तालुक्यातले निघालात!

लाइपझिगची गोष्ट या धाग्याला फार उपयोगी आहे. १९३० च्या सुमारास इथे सात लाखांवर लोक होते. पूर्व जर्मनीच्या शेवटी, १९८९ मध्ये, सव्वापाच लाखांच्या जवळपास. भिंत पडल्यावर कारखाने बंद झाले, तरुण पश्चिमेकडे गेले, आणि १९९८ पर्यंत आकडा ४ लाख ३७ हजारांवर आला. हजारो घरं रिकामी होती, आणि तीही दगडी, नक्षीची, शंभर वर्षांची. लोक याला मरतं शहर म्हणायचे. नंतर आजूबाजूची गावं शहरात जोडली आणि आकडा एकदम पाच लाखांच्या जवळ गेला. ती वाढ कागदावरचीच होती, हे इथले लोक स्वतः सांगतात. पण त्यानंतरची वाढ खरी आहे. २०१९ मध्ये सहा लाख ओलांडले. १९३० चा आकडा मात्र अजून लांब आहे.

हे कसं झालं? पोर्शेचा कारखाना आला, २००५ मध्ये बीएमडब्ल्यूचा सुरू झाला, २००८ मध्ये डीएचएलचं मालवाहू विमानांचं मोठं केंद्र आलं. विद्यापीठ जुनं होतंच. पण मला सगळ्यांत जास्त आवडली ती वेगळीच गोष्ट. २००४ पासून इथे एक संस्था रिकाम्या घरांचे मालक आणि राहायला जागा हवी असलेले लोक यांच्यात करार करून देते. मालकाने भाडं घ्यायचं नाही. राहणाऱ्याने छत, नळ, खिडक्या, वीज सांभाळायची, घर पडू द्यायचं नाही. अशा घरांना इथे राखणदार घरं म्हणतात. कलाकार, विद्यार्थी, छोटे कारागीर राहायला आले. त्या इमारती वाचल्या, म्हणून पुढे नोकऱ्या आल्या तेव्हा लोकांना राहायला गल्ल्या शिल्लक होत्या. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी रिकामी घरं पाडून टाकली. डेट्रॉइटमध्ये तर मैलोन्‌मैल गवत झालं.

कारंज्यातले जुने वाडे असेच पडताना पाहिले आहेत. लाकडी खांब, कोरलेल्या तुळया, आतला चौक. ते वाडे गेले की पुढे कोणतंही कारण आलं तरी शहर कारंजा राहणार नाही, बायपासवरचा एक ले-आउट होईल. मला याचं खरंच फार वाईट वाटतं.

मिलवाल्याचा_मुलगा

वर्धाकाठ, तुमचं 'जुनं कारण परत येत नाही' हे वाक्य मला मान्य नाही. माझे वडील मिलमध्ये होते. आपल्याकडे कापूस अजून पिकतो की नाही? पिकतो. मग कापडाचा धंदा इथे का परत येऊ नये? डेट्रॉइटची मोटार कुठेही बनू शकते, पण पऱ्हाटी काळ्या जमिनीतच येते. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये जमशेदजी टाटांनी इथे काढली ती याच हिशेबाने, कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे जवळ. हा हिशेब आज चुकीचा कसा ठरला?

मिल बंद झाली तेव्हा पगार तर गेलाच, पण तीन पाळ्यांचे भोंगे, कँटीन, सायकल दुकानं, मिलच्या शाळा, गणेश मंडळं, कबड्डीचे संघ, हे सगळं गेलं. आमच्या ओळीत आज अर्धी घरं बंद आहेत. लोकांना मिल हवी असते ती या सगळ्यासाठी, आणि त्या मागणीला कोणी कालबाह्य म्हटलं की मला राग येतो.

वर्धाकाठ

मिलवाल्याचा मुलगा, राग समजतो. मी मागणीला कालबाह्य म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. पण हिशेब बघू. १८७७ ची मिल हजारो हात मागत होती. आज तेवढंच सूत काढायला लागणारी माणसं फार थोडी. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापड उद्योग उभे राहिले आहेत, पीएम मित्र हे केंद्र सरकारचं कापड उद्योगाचं पार्कसुद्धा अमरावतीलाच मंजूर झालं. म्हणजे कापूस-कापडाचं कारण परत आलं असं तुम्ही म्हणू शकता. पण ते आलं महामार्गाला लागून, एमआयडीसीत. ते पुलगावच्या किंवा अचलपूरच्या जुन्या मिलच्या आवारात आलं नाही. धंदा परत आला तरी तो जुन्या पत्त्यावर येतोच असं नाही. मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

पुलगावचंच पाहा. मिल गेली, आर्वीची छोटी गाडी गेली, तरी गाव टिकून आहे, कारण केंद्रीय दारूगोळा भांडार आहे आणि मुख्य मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. आर्वीकडे ते दोन्ही नाही. एका छोट्या गाडीने जोडलेली दोन गावं, आणि तरी दोघांचं नशीब वेगळं.

चांदा_किल्ला

चंद्रपूरचा दाखला कोणी दिला नाही म्हणून लिहितो. गोंड राजांची राजधानी, चारी बाजूंनी परकोट. अठराव्या शतकाच्या मध्याला भोसल्यांनी राज्य घेतलं आणि शहर उतरलं. १९०१ मध्ये परकोटाच्या एवढ्या मोठ्या घेरात १७,८०३ माणसं होती, आत शेतं होती. २०११ मध्ये तीन लाख वीस हजार. गोंड राजधानी परत आली नाही, कोळसा आला, मग महाऔष्णिक वीज केंद्र आलं. वर्धाकाठ यांच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

पण आम्ही इथे राहतो म्हणून सांगतो, या नव्या कारणाची किंमत फार मोठी आहे. उन्हाळ्यातली हवा, इरई-झरपटचं पाणी, खाणीच्या धुळीने काळे झालेले रस्ते. आणि कोळसाही कधीतरी संपणारच. कर्नाटकात कोलार सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, तिथली माणसं आज रोज रेल्वेने बेंगळुरूला कामाला जातात. चंद्रपूरने आतापासून तिसरं कारण शोधायला हवं. ताडोब्याला पर्यटक येतात, पण ते मोहर्ली गेटवरून परत जातात, शहरात कोणी येत नाही.

पऱ्हाटीवाला

ताई, तुमचं राखनदार घराचं लय आवडलं. पन इथे एक अडचन हाय. आमच्याकडे घर कोनाले राहाले दिलं का मालकाले भेव लागते, कबजा करीन म्हनून. शिवाय एका घराच्या उताऱ्यावर सात-सात नावं. एक भाऊ नागपूरले, एक मुंबईले, बहिनी वारस. कोनाची सही घ्याची? म्हनून घर पडू देतात, पन देत नाई. आधी हे वारसाचं सुधरलं पायजे.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. आधी वाटलं, गाव भरन. इंटरचेंजजवळ जमिनीचे भाव चढले, ढाबे झाले. पन गावात नवीन कुटुंब एकही राहाले आलं नाई. उलट आता पोट्टे दोन-तीन घंट्यात नागपूरले पोचतात, तर इथलं सामानही तिथूनच आनतात. आमच्या बाजारपेठेतले दोन कापडवाले बसले.

कारंजाची_लेक

दादा, सामाईक उताऱ्याचं अगदी बरोबर. इथे तो करार चालतो कारण मालकी स्पष्ट असते आणि करार संपला की घर परत मिळेल याची खात्री असते. आपल्याकडे ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने मध्ये उभं राहून लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणी केलेला करार करून दिला तर भीती बरीच कमी होईल. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन घराचे प्रॉपर्टी कार्ड मिळू लागले आहेत. वाटण्या त्याच वेळी करून घ्यायला काय हरकत आहे? माझ्या आजोळच्या घराचं मी हेच करणार आहे. मामांशी बोलणं सुरू आहे.

निवृत्त_गुरुजी

पऱ्हाटीवाला, रस्त्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते डेट्रॉइटमध्येही झालं. १९५० च्या दशकात तिथे शहरातून रुंद महामार्ग काढले, आणि माणसं उपनगरात राहायला गेली. कारखानेही गेले. त्यात काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्यांचा भेद होता, १९६७ ची दंगल झाली, आणि शेवटी २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. पण आसपासचा सगळा महानगर प्रदेश धरला तर तिथे आजही चाळीस लाखांवर लोक आहेत. शहर आटलं, प्रदेश तसा आटला नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत शहराचा अंदाजित आकडा थोडा चढतोही आहे.

आपल्याकडे प्रदेशाचा तो केंद्रबिंदू नागपूर आहे. १९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी असण्याचा मान गेला, मिल्स गेल्या, तरी २०११ मध्ये २४ लाख. उच्च न्यायालयाचं खंडपीठ, हिवाळी अधिवेशन, महाविद्यालयं, दवाखाने, रेल्वे जंक्शन, अशी अनेक कारणं एका ठिकाणी होती, म्हणून एकेक गेलं तरी शहर पडलं नाही. आर्वी, कारंजा, अचलपूर यांच्याकडे एकेकच कारण होतं.

म्हणून तालुक्याच्या गावाने जुन्या आकड्याचा ध्यास घेऊ नये असं मला वाटतं. तीन गोष्टी टिकवाव्या: चांगली शाळा, बाळंतपण होऊ शकेल असा दवाखाना, आणि रात्री नऊ वाजता परत येणारी एसटी. या तीन असतील तर नोकरी बाहेर करूनही माणूस राहायला गावात थांबतो. त्या गेल्या की बारा एकर ओलितवालाही बायको-मुलांना घेऊन अमरावतीला खोली करतो, आणि शेतीला मोटारसायकलने येतो. असे किती तरी पालक मी पाहिले.

सातपुडा_पायथा

गुरुजींच्या तीन गोष्टींत चौथी घालतो, बाजार समिती. शेतमाल विकायला आलेला माणूस तालुक्यातच खरेदी करून जातो. खामगावचं उदाहरण घ्या. कापसाच्या भरभराटीत ते देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक होतं. ती शान गेली, पण चांदीने त्या गावाला नाव दिलं, आजही लांबलांबून लोक चांदी घ्यायला खामगावला जातात. ते कोणत्या सरकारी योजनेने झालं नाही, सराफांनी आणि कारागिरांनी केलं.

आणि रिठ गावांचं काय? आमच्या तालुक्यात कितीतरी मौजे सातबाऱ्यावर आहेत, पण वस्ती शून्य. पांढरीची माती, एखादा मारुती, चिंचेची झाडं. पटकी, प्लेग, लूटमार, दुष्काळ, काही ना काही झालं आणि लोक शेजारच्या गावात गेले. जमीन मात्र पडीक राहिली नाही, कसली जातेच आहे. अशा गावांत पुन्हा वस्ती झाल्याची उदाहरणं कोणाला माहीत आहेत का?

चांदा_किल्ला

पुनर्वसनात झाली आहेत. गोसीखुर्द धरणामुळे, किंवा मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड ही गावं हलवली तेव्हा, लोकांना दुसरीकडे वसवावं लागलं. पण ते सरकारने हलवल्यामुळे. आपणहून रिठावर कोणी परत गेल्याचं मी तरी पाहिलं नाही.

मिलवाल्याचा_मुलगा

गुरुजी, शाळा-दवाखाना-एसटी मान्य. पण त्या तिन्ही गोष्टी पटसंख्या आणि प्रवासीसंख्या पाहून बंद करतात. माणसं कमी म्हणून शाळा बंद, शाळा बंद म्हणून माणसं कमी. आधी कुठे हात घालायचा? मी म्हणतो रोजगाराला. तुम्ही म्हणता शाळेला. यावर आपलं एकमत होणार नाही, पण निवेदन देताना दोन्ही लिहू.

वर्धाकाठ

चालेल, दोन्ही लिहू. मसुदा मी करतो.

दरम्यान एक काम सगळ्यांनी वाटून घ्यावं. जिल्हा जनगणना पुस्तिकांमध्ये गावनिहाय घरं आणि माणसं दिलेली असतात. आपापल्या तालुक्यातल्या प्रत्येक गावाची १९६१ पासूनची लोकसंख्या एका तक्त्यात भरू या. कोणत्या गावाची सर्वोच्च नोंद कोणत्या दशकातली, हे एकदा समोर आलं की २०२७ चे आकडे येतील तेव्हा लगेच ताडून पाहता येईल. नाहीतर दर वेळी फक्त जिल्ह्याचा एकच आकडा छापून येतो आणि त्यात आपली गावं दिसतच नाहीत. आर्वी आणि आष्टी मी घेतो.

पऱ्हाटीवाला

कारंजा माह्याकडे. ताई, तुमच्या आजोळचं गाव कोनतं ते सांगून द्या, पयले त्याचंच भरतो.

निवृत्त_गुरुजी

देवळी तालुका मी घेतो. एक सूचना: पुनर्वसित गावांची नावं तीच राहतात, जागा बदलते. त्यांच्यापुढे खूण करा, नाहीतर तुलना फसेल. आणि २०२७ ला प्रगणक दारात आले की पुण्याला राहणाऱ्या मुलाचं नाव मायेपोटी गावच्या घरात लिहू नका. तो जिथे राहतो तिथेच त्याची मोजणी व्हायला हवी.